छत्तीस नंबरचा कप्पा

नकाशाकाकांना शहरातल्या चौसष्टच्या चौसष्ट वस्त्या तोंडपाठ होत्या, आणि त्यांतल्या जेमतेम पाचांत त्यांनी आयुष्यात कधी पाऊल टाकलं होतं. यात काही वावगं आहे असं त्यांना मुळीच वाटत नसे. "पोटाचा डॉक्टर कधी कुणाच्या पोटात राहून आलेला असतो का?" असं ते विचारत, आणि समोरचा गप्प बसला की आपण जिंकलो असं समजत.

चौतीस वर्षं ते मुख्य टपाल कचेरीत सॉर्टिंगला होते, त्यातली शेवटची बारा वर्षं हेड सॉर्टर. त्यांच्यासमोर भिंतभर लाकडी मांडणी असे. आठ कप्पे आडवे, आठ उभे. शहरातल्या प्रत्येक वस्तीला खात्याने एक नंबर दिलेला, आणि प्रत्येक नंबराला एक कप्पा. नोकरीच्या पहिल्या दिवशी तेव्हाच्या म्हाताऱ्या हेडने त्यांना त्या मांडणीसमोर उभं केलं होतं. "हे बघ, हे शहर," तो म्हणाला होता. "वर उत्तर, खाली दक्षिण. हा मधला अठ्ठावीस, म्हणजे आत्ता आपण उभे आहोत तो भाग. हे एकदा डोक्यात बसलं की या शहरात तू कुठे हरवायचा नाहीस." काका तेव्हा पंचविशीचे, लांबच्या गावाहून आलेले, शहराला जाम घाबरलेले. त्यांनी ते वाक्य गाठीला बांधलं आणि ती गाठ पुन्हा कधी सोडून पाहिली नाही.

पुढे त्यांचा हात असा चालू लागला की डोळ्यांनी पत्ता वाचायच्या आत पत्र कप्प्यात पडलेलं असे. नवे पोस्टमन अडले की त्यांनाच विचारत. नकाशाकाका हे नाव तिथेच पडलं आणि ते त्यांना मनापासून आवडलं. कुठल्या वस्तीत कशी माणसं राहतात हेही ते टपालावरून सांगत. काचवाड्याच्या पार्सलांवर लाल शाईत 'फुटेल' लिहिलेलं असायचं, म्हणजे माणसं जपून वागणारी. घड्याळबाजारात परदेशी तिकिटांची पत्रं, म्हणजे माणसं मोठी. जुन्या छावणीत पेन्शनचे लिफाफे. आणि छत्तीस नंबर, म्हणजे रंगारआळी, तिथे कोर्टाच्या नोटिसा. काकांनी एकदा मत बनवलं की त्यात बदल होत नसे.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका लेकीने जेवता जेवता सांगितलं की तिला छत्तीस नंबरातल्या एका रंगाऱ्याशी लग्न करायचं आहे. कापड रंगवायचा त्याचा स्वतःचा लहानसा कारखाना होता.

"छत्तीसमध्ये काय येतं ते मला विचार," काका म्हणाले.

"बाबा, कप्प्यात माणसं राहत नाहीत," लेक म्हणाली.

लग्नाला काका गेले नाहीत. नंतर लेकीने त्यांना तीन पत्रं पाठवली, कचेरीच्या पत्त्यावर. तिन्ही न उघडता काकांनी त्यांवर स्वतःच्या सुबक अक्षरात 'घेण्यास नकार' लिहिलं, आणि पाठवणाऱ्याकडे परत जाण्यासाठी स्वतःच्या हाताने छत्तीसच्या कप्प्यात टाकली. तो कप्पा मांडणीत अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात होता, त्यामुळे प्रत्येक वेळी वाकावं लागलं. खात्याचा नियम पाळल्याचं समाधान त्यांना मिळालं. दुसरं काहीच मिळालं नाही. चौथं पत्र आलं नाही.

आता निवृत्त होऊन चार महिने झाले होते. सरकारी वसाहतीतली खोली सोडावी लागली तेव्हा नवीन जागा काकूंनी शोधली. अठ्ठावीस नंबरातच, पण कडेला, आणि तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "तुझे गुडघे बोंब मारतायत, आणि तिसरा मजला?" काकांनी विचारलं होतं. "मागची गॅलरी छान आहे," एवढंच काकू म्हणाल्या. त्या गॅलरीत कपडे वाळत आणि कांदे-बटाटे असत. तो काकूंचा इलाखा, काका तिकडे फिरकत नसत. काकू दुपारी हातात डबा घेऊन बाहेर जात आणि तासाभरात परत येत. कुठे जातात हे काकांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या घरात लेकीचा विषय असाच टाळला जाई.

त्या दिवशी सकाळी मात्र काकूंनी चहाच्या कपाखाली एक चिठ्ठी सरकवली.

"अहो, ती आज चाललीय. दोघंही. कायमची. त्याला परदेशात काम मिळालंय. सहाची बोट आहे, आणि पाचला बंदराचं फाटक बंद होतं. म्हणून चारला दाराशी गाडी येणार आहे."

काकांनी चिठ्ठी उचलली नाही.

"मी आत्ता चाललेय सामान बांधायला. तुम्ही यायचं तर या. तिनं बोलावलंय. 'बाबांना म्हणावं, काही बोलायला नको, फक्त या,' असं म्हणालीय." काकू दाराशी थांबल्या. "रस्ता सांगू का?"

"मला?" काका म्हणाले. "मला रस्ता सांगतेस?"

काकूंना हसू आलं. काही झालं तरी चौतीस वर्षांचा संसार होता. "बरं बाई, नाही सांगत," म्हणत त्या जिना उतरून गेल्या.

काका अकरा वाजेपर्यंत वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसले. मग उठून त्यांनी दाढी केली. आपण दाढी का करतोय हे स्वतःला विचारायचं त्यांनी टाळलं. कपाटातून कचेरीचा कोट काढला, तो ठेवला, पुन्हा काढला. साडेबाराला त्यांनी चिठ्ठी वाचली. छत्तीस, रंगारआळी, तिसरी बोळ, हिरवं दार. एवढं वाचल्यावर बुटाची नाडी बांधायला त्यांना तीनदा बसावं लागलं. लेक जात होती. पुन्हा दिसेल की नाही कोण जाणे. जायलाच हवं होतं.

रस्त्याचा प्रश्नच नव्हता. अठ्ठावीसपासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत बुद्धिबळातल्या उंटासारखं तिरकं जायचं. आधी काचवाडा, मग घड्याळबाजार, मग वीटभट्ट्या, आणि चौथी रंगारआळी. एकेका वस्तीला पंधरा मिनिटं धरली तरी तासात पोचायला हरकत नव्हती.

काचवाडा बरोबर सापडला. ओळीने कारखाने होते, दारातून भट्टीची धग येत होती, आणि उघड्या अंगाची माणसं लांब नळ्या फुंकून काच फुगवत होती. जपून वागणारी वगैरे काही वाटली नाहीत. एकमेकांना मनसोक्त शिव्या देत होती. काकांना ते जरा खटकलं. पण कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर पांढऱ्या रंगात सदतीस लिहिलेलं होतं, ते पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. इथून तिरकं गेलं की घड्याळबाजार.

ते तिरके गेले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. घड्याळाचं एकही दुकान दिसेना. दोन्ही बाजूंना शिंपी. शिलाईयंत्रांचा नुसता खडखडाट, दोरीवर लटकलेल्या बिनबाह्यांच्या कोटांच्या रांगा, आणि दुकानांच्या पाट्या तीन वेगवेगळ्या लिप्यांत. माणसं काकांना न कळणाऱ्या भाषेत बोलत होती आणि मधूनच कळणाऱ्या भाषेत हसत होती. काकांनी टपालपेटी शोधली. तिच्यावर एकोणीस लिहिलेलं होतं.

काका पेटीसमोर उभेच राहिले. एकोणीस इथे कसा असेल? एकोणीस तर वर, आपल्या खांद्याच्या उंचीला, डाव्या हाताशी. पेटी रंगवणाऱ्याने चूक केली असणार, असं त्यांनी आधी ठरवलं. मग वाटलं, आपणच वर आलो असू. पण वर म्हणजे कुठे? सूर्य डोक्यावर होता, त्याचाही उपयोग नव्हता. त्यांनी नकळत उजवा हात पुढे केला, हवेत एक काल्पनिक पत्र धरलं, आणि हात जाईल तिकडे बघितलं. हात एका शिंप्याच्या दुकानाकडे गेला. शिंप्याने विचारलं, "काय शिवायचंय?"

काका घाईने पुढे निघाले, आणि पुढच्याच वळणावर त्यांना एक पाटी दिसली. दंतवैद्य. खाली घराचा नंबर. तो पत्ता पाहताच काकांच्या बोटांना तो ओळखीचा वाटला. वीस वर्षं दर महिन्याला या पत्त्यावर एक जाडसर पत्र यायचं, हिरव्या शाईतलं, मोठ्या गोल अक्षरातलं. कोण लिहितं इतकं, असा प्रश्न काकांना शेकडो वेळा पडला होता. दंतवैद्य दारातच खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा, पांढरा कोट, गिऱ्हाईक नाही. वेळ नव्हता, पण काकांना राहवलं नाही.

"तुम्हाला हिरव्या शाईत कोण लिहायचं हो?"

दंतवैद्याने चष्मा वर केला. "बहीण," तो म्हणाला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी टपालात होतो. अलीकडे थांबली ती पत्रं. चार-पाच वर्षं झाली."

"साडेचार."

"भांडण झालं?"

"नाही, गेली ती." दंतवैद्याने चष्मा काढून कोटाला पुसला. "पत्रं येईनाशी झाली हे माझ्याशिवाय आणखी कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटलं नव्हतं मला. बसा ना. चहा मागवतो."

"नको, मला घाई आहे. लेक चाललीय." हे वाक्य आपण पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो हे काकांच्या ध्यानात आलं. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. "रंगारआळी कुठल्या बाजूला?"

"रंगारआळी? ती तिकडे मागे राहिली की. मुख्य टपाल कचेरी माहीत आहे ना, तिच्या पलीकडे."

काकांनी आभार मानले आणि मनात म्हटलं, बिचारा. वय झालंय. टपाल कचेरीच्या पलीकडे काय आहे हे आता दातांचा डॉक्टर मला सांगणार.

तेवढ्यात समोरच्या थांब्यावर बस आली. तिच्यावर 'वीटभट्ट्या' लिहिलं होतं. देवच पावला असं वाटून काका धावत जाऊन चढले. वीटभट्ट्या म्हणजे पंचावन्न, आणि पंचावन्नच्या तिरकं खाली रंगारआळी. पुन्हा सगळं जागेवर आलं. काकांनी रुमालाने मान पुसली.

बस मात्र सरळ जाईल तर शपथ. ती एका टेकडीला वळसा घालून गेली, मग बाजारातून रांगत गेली, मग एका लांबच लांब पुलावर चढली. खाली नदी. मांडणीत नदी नव्हती. म्हणजे दोन कप्प्यांच्या मधल्या बोटभर पट्टीत एवढी नदी मावत होती आणि तिच्यावर होड्या चालत होत्या, हे काकांना चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडे घड्याळबाजार लागला. जो मघाशीच यायला हवा होता तो आत्ता आला, आणि तिथली मोठी माणसं रस्त्याकडेला लहान लहान टेबलं मांडून डोळ्याला भिंग लावून बसली होती. त्यांतल्या एकाच्या टेबलावर पंधरावीस घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. काकांनी आपलं घड्याळ पाहिलं. सव्वादोन.

"रंगारआळीला जायचंय," त्यांनी कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर बाई होती, चाळिशीची, तिकिटांचा डबा कमरेला.

"मग इकडे कशाला आलात?" ती म्हणाली. "ती मागे. बस निघते तिथून उलट दिशेला."

"नाही हो. वीटभट्ट्यांच्या पुढची वस्ती."

"वीटभट्ट्यांच्या पुढे वस्तीच नाही, आजोबा. चौदा वर्षं ही बस करतेय मी."

"मी चौतीस वर्षं करतोय," काका म्हणाले.

"काय करताय?"

 काका खिडकीबाहेर बघू लागले. मनात एक बारीकशी भीती शिरली होती आणि ती हळूहळू जागा करून बसत होती. दोन परक्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली होती. पण एकीकडे ही दोन माणसं, आणि दुसरीकडे लाखो पत्रं. लाखो पत्रं काय खोटी पोचली होती?

भीती बाजूला सारायला म्हणून त्यांनी लेकीचं लहानपण आठवलं. ती सहा वर्षांची असताना ते तिला रोज जेवण झाल्यावर पाटीवर चौसष्ट घरं आखून शहर शिकवायचे. "बाबा, आपण कुठे?" ती विचारायची. ते तिचं बोट धरून अठ्ठावीसवर ठेवायचे. मग तिचा ठरलेला प्रश्न: "आणि आपल्या खाली कोण राहतं?" ते काहीतरी उत्तर द्यायचे आणि ती दर वेळी नव्याने खूश व्हायची. काय उत्तर द्यायचो आपण? हल्ली अठ्ठावीसच्या खाली मिठागराचा कप्पा होता. पण मिठागर असं उत्तर त्यांनी दिल्याचं काही केल्या आठवेना.

वीटभट्ट्यांना बस रिकामी झाली. तीन वाजायला आले होते. कंडक्टर बाईने खाली उतरून चहाचा ग्लास घेतला आणि म्हणाली, "हीच बस साडेतीनला परत फिरते. बसून राहा." काका ऐकलं न ऐकलं करून चालू लागले. विटांच्या रांगा संपल्या, रस्ता संपला, पायवाट लागली. वारा एकदम खारट झाला. आणि मग पुढे काहीच नव्हतं. लांबवर पाण्याचे चौकोन, एकाला लागून एक, आखून ठेवल्यासारखे, आणि कडेने पांढरे ढीग. गुडघाभर पाण्यात उभी राहून एक बाई लाकडी फळीने मीठ ओढत होती.

"हे काय आहे?" काकांनी ओरडून विचारलं.

"दिसत नाही का?" ती तिकडून ओरडली. "मिठागर!"

मिठागर. पण मिठागर तर आपल्या घराखाली! काका खरोखरच तसं म्हणाले, मोठ्याने, आणि मग आपल्या घराखाली आपण कधी मीठ पाहिलंय का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. एका खोपटाच्या भिंतीला गंजकी टपालपेटी लटकत होती. काका मिठाच्या चिखलातून बूट ओढत तिच्यापर्यंत गेले. चौसष्ट, असं तिच्यावर लिहिलं होतं. खालचा उजवा कोपरा. शेवटचा कप्पा. म्हणजे ते अगदी बरोबर ठिकाणी आले होते. रंगारआळी तेवढी इथे नव्हती.

तेव्हा काकांना ती दुपार आठवली.

लेकीने सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशीची. सगळे जेवायला गेले होते. मांडणीत छत्तीस नंबर तेव्हा बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. अठ्ठावीसच्या अगदी खाली, चिकटून. दिवसातून दोनशे वेळा हात तिथे जायचा आणि दोनशे वेळा जिवाला डंख बसायचा. काकांनी चाकूने दोन कप्प्यांची चिठोरी सोडवली. चौसष्टचं आणून वर लावलं आणि छत्तीसचं नेऊन त्या शेवटच्या कोपऱ्यात डकवलं, नजरेआड. सॉर्टरांनी आठवडाभर कुरकुर केली की एवढा भरणारा कप्पा खाली कशाला नेला, कंबर मोडते. "काकांचा आणि त्या आळीचा छत्तीसचा आकडा झालाय," असं कुणीतरी कुजबुजलं. मग सगळ्यांच्या हातांना सवय झाली, काकांच्याही. आणि हात जे शिकला तेच शेवटी डोकंही खरं मानून बसलं. पत्रं कुठे चुकायचं कारण नव्हतं. कप्पा कुठेही असो, थैली त्याच पोस्टमनकडे जात होती. चुकले ते एकटे काका. याच्या आधीही इतक्या वर्षांत सोयीसाठी म्हणून किती चिठोरी इकडची तिकडे झाली होती, आणि त्यांतली निम्मी त्यांनीच केली होती.

"आपल्या खाली कोण राहतं, बाबा?" "आपल्या खाली छत्तीस. रंगवणारे लोक राहतात." "मग आपण हात खाली केला की रंग लागेल?" असं विचारून ती पाटीवर बोट घासायची आणि बोटाला रंग लागला का ते बघायची.

काका पळाले. साठीला टेकलेला माणूस कोट घालून मिठाच्या चिखलात जसा पळेल तसे. कंडक्टर बाईने त्यांना येताना पाहिलं आणि ती घंटी मारायची थांबली. ती काही बोलली नाही, याबद्दल काकांना तिचे पाय धरावेसे वाटले. परतीच्या वाटेवर बस सगळीकडे थांबली. घड्याळबाजारात एका आजीला उतरायला दोन मिनिटं लागली. पुलावर गाड्या अडकल्या होत्या. चार वाजले तेव्हा ते नदीच्या मधोमध होते, आणि चार वाजून गेल्यावर घड्याळ बघायचं त्यांनी सोडून दिलं.

टपाल कचेरीसमोर उतरून त्यांनी दिसेल त्याला विचारलं. फळवाल्याला विचारलं, चपला शिवणाऱ्याला विचारलं, शाळेतून येणाऱ्या दोन मुलींना विचारलं. सगळ्यांनी एकाच दिशेला हात केला. ती दिशा त्यांच्या स्वतःच्या घराची होती. त्यांच्याच इमारतीच्या बाजूने एक अरुंद वाट मागे जात होती. तिच्या टोकाला कालवा, कालव्यावर लोखंडी पादचारी पूल, आणि पुलाच्या पलीकडे दोऱ्यांवर वाळत घातलेलं रंगीत कापड. पेटीवर छत्तीस लिहिलेलं. तिसरी बोळ. हिरवं दार उघडंच होतं.

उंबऱ्यावर काकू बसल्या होत्या, हातात केरसुणी. मागे खोली रिकामी. भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन आणि कुणाच्या तरी रंगलेल्या हाताचे निळे ठसे.

"आलात?" काकू म्हणाल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "आता कशाला आलात?"

"गेली?"

"वीस मिनिटं झाली. गाडीवाला ओरडत होता तरी थांबवून धरली तिनं. मी म्हटलं, अगं, तुझे बाबा हरवले असतील. तर हसली." काकूंनी पदराने नाक पुसलं. "म्हणाली, बाबा आणि हरवतील? त्यांनीच मला पाटीवर शिकवलंय, आपल्या खाली छत्तीस. पूल ओलांडला की आलं. यायचं असतं तर एव्हाना दहा वेळा आले असते. मग बसली गाडीत."

काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. तिथून, कालव्याच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एक गॅलरी दिसत होती. तिथे त्यांचेच दोन बनियन वाळत होते. चार महिने इथे उभं राहून लेकीला ते रोज दिसत होते.

"अगं, मी हरवलो होतो," काका म्हणाले.

"उगाच थापा मारू नका."

"शपथ. साडेबाराला निघालो. मिठागरापर्यंत जाऊन आलो."

"मिठागरात?" काकूंनी वाकून त्यांच्या बुटांकडे पाहिलं. बुटांवर, पँटच्या कडांवर पांढरे पापुद्रे वाळले होते. त्यांनी एक पापुद्रा बोटाने खरवडला, जिभेला लावला, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "अहो, दहा मिनिटांची वाट आहे. मी या गुडघ्यांनी रोज येते. आणि तुम्ही…"  त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

"बंदर गाठता येईल?"

"पाचला पाच कमी आहेत."

काकांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "तिचा तिकडचा पत्ता आहे?"

काकूंच्या पिशवीत होता. खिडकीत एक लिफाफा आणि चार कोरे कागद राहून गेले होते. काकांनी खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानेच लिहिलं. लिहायला फार वेळ लागला, आणि झालं ते एवढंच: मी यायला निघालो होतो. हरवलो. सगळ्यांनी मला बरोबर रस्ता सांगितला आणि मी कुणाचंच ऐकलं नाही. छत्तीसचा कप्पा मीच हलवला होता. बाबा.

काकूंनी वाचलं. "हरवलो असं लिहिलंत? सगळीकडे होईल हं. नकाशाकाका हरवले म्हणून."

"होऊ दे."

त्यांनी लिफाफ्यावर तिचा पत्ता लिहिला. मग तो उलटा केला आणि मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायला घेतला. घराचा नंबर, मजला, रस्ता, वस्ती.

"ते कशाला?" काकू म्हणाल्या. "तिला काय आपला पत्ता ठाऊक नाही?"

"पाठवणाऱ्याचा पत्ता नसला तर पत्र परत करता येत नाही," काका म्हणाले, आणि त्याच सुबक अक्षरात त्यांनी शेवटी अठ्ठावीस लिहिलं. "तिला परत पाठवायचं असेल तर पाठवता आलं पाहिजे."